दिवसा कोण?

त्यांच्या ओटीवर पाऊल ठेवलं की आतून पहिला प्रश्न यायचा, "कोण?" नाव सांगितलं की म्हणायचे, "नाव नको. करतोस काय?"

मी म्हणालो होतो, "नट आहे."

"ते रात्री. दिवसा कोण?"

मला राग आला होता. मी तेव्हा आमच्या दशावतारी मंडळीत बायकांची कामं करत असे, आणि चांगली करत असे. हातखंब्याच्या तिठ्यावर चहाच्या दुकानात शिरलो की लोक सरकून जागा देत. एका जत्रेत तर एका म्हातारीने माझ्या अंगावरून बोटं मोडून दृष्ट काढली होती. अशा माणसाला, अंगात काळा कोट, खाली धोतर आणि पायांत काहीच नाही असा एक वकील विचारतो, दिवसा कोण.

"दिवसा झोपतो," मी म्हणालो.

माजघराच्या दारात त्यांची विधवा बहीण उभी होती. सगळं गाव तिला आक्का म्हणे. तिला हसू आवरेना. वकील हसले नाहीत. म्हणाले, "झोपेवर सरकारने अजून कर बसवलेला नाही. पण तू झोपलेला असताना तुझी मंडळी कोणाच्या मालकीची असते, ते तुला माहीत हवं. नसेल तर एखाद दिवशी उठशील आणि साडी, दागिने, गंगावन, सगळं लिलावात गेलेलं असेल."

आमची ओळख झाली ती अशी.

त्या काळी रत्नागिरीतले बाकीचे वकील बांधाच्या, वाटेच्या आणि आंब्याच्या कलमांच्या भांडणांवर जगत. दोन भावांत एक फणस असला की दोन वकिलांची घरं चालत. ह्यांनी मात्र आयुष्यभर खेळ करणारांचीच कामं केली. खेळेवाले, कीर्तनकार, लग्नात वाजवणारे बँडवाले, तंबू ठोकणारे जादूगार. करमणूक कर कोणत्या खेळावर बसतो आणि कोणत्या नाही, इन्कम टॅक्स मालकाने भरायचा की प्रत्येकाने आपापला, ह्याची सल्लामसलत करायला सावंतवाडीपासून माणसं त्यांच्याकडे येत. आणि गंमत म्हणजे त्यांना गाण्यातलं काही म्हणता काही कळत नसे. आक्का म्हणायची, "दादाला गाणं चाललंय की कोण रडतंय, हे तिसऱ्या कडव्यापर्यंत कळत नाही." मग कलावंतांचंच काम का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "शेतकऱ्याला आपली जमीन कुठे संपते ते कळतं. कोळ्याला आपलं जाळं कळतं. तुम्हां लोकांना आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, काहीच कळत नाही. तुमच्याइतकी कामं मला कोण देणार?"

त्यांची काम घ्यायची रीत जगावेगळी होती. चार माणसं मिळून आली की ते आधी कागद मागत नसत. कोपऱ्यातला सोललेला नारळ पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "फोडा आणि वाटा. मग बोलू." स्वतः आरामखुर्चीत मागे रेलून, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बघत बसायचे. छत्री त्यांना बाराही महिने लागे, घरातसुद्धा. कोण उठून नारळ फोडतो, पाणी कोणाच्या वाटीत जातं, तुकडे कोण करतो, कोण मागतो, कोण न मागता मिळायची वाट बघतो. खोबरं संपेपर्यंत त्यांनी ठरवलेलं असे. एकाच्या मालकीचा धंदा आणि बाकीचे पगारी, की सगळे भागीदार, की नुसतं एकत्र कुटुंबाचं रखडलेलं गाडं. "जिभेने माणूस काहीही सांगतो," ते म्हणत, "खोबरं वाटताना खरं करतो."

एकदा किनाऱ्याकडच्या मुसलमान मोहल्ल्यातला एक जादूगार आपल्या मेहुण्याला घेऊन आला. भला माणूस, बोलायला गोड. नारळ पुढे आल्यावर त्याने वर रुमाल टाकला, काहीतरी पुटपुटला आणि रुमाल उचलला तर नारळ नाही. आक्का टाळ्या वाजवायला लागली. वकिलांनी भुवईसुद्धा हलवली नाही. "वा," म्हणाले, "आता तिकीटविक्रीही अशीच नाहीशी करायची म्हणून आलात ना?" जादूगार ओशाळला. त्याचा तोच बेत होता. त्याला त्यांनी सांगितलं, "कर चुकवायचा असेल तर दुसरीकडे जा, पुष्कळ वकील आहेत. कमी बसवून घ्यायचा असेल तर तो नारळ परत आण आणि बस." त्याने बगलेतून नारळ काढला. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्याकडे येत राहिला. ईदेला शीरकुर्म्याचा डबा यायचा आणि आक्का तो गणपतीच्या मोदकांइतक्याच कौतुकाने वाढायची.

कीर्तनकारबुवांशी त्यांचं जमत नसे. बुवा म्हणायचे, "मिळतं ते देवाचं. देवाच्या पैशावर कर कसला?" हे म्हणायचे, "आरतीच्या ताटात पडतं ते देवाचं. नंतर बंद पाकिटात मिळतं ते तुमचं. देव पाकीट घेत नाही." बुवा तणतणत पायऱ्या उतरत आणि मार्च महिना आला की मुकाट्याने परत चढत.

फुकटचा पास त्यांनी जन्मात घेतला नाही. तंबूत आमचा तिकिटाचा खेळ असला की ते आक्काला घेऊन खिडकीपाशी रांगेत उभे राहत. आमचा माणूस ओरडायचा, "वकीलसाहेब, तुम्ही कशाला?" ते दोन तिकिटं घेत, फाडून देणाऱ्याने अर्धं तिकीट नीट फाडलं की नाही ते बघत आणि मग आत येत. आक्का कुरकुरायची, "अरे, ते आपणहून देतायत तर पैसे का घालवतोस?" ते म्हणत, "पासावर कर बुडतो आणि ह्यांचा मानही बुडतो. एका वेळी दोघांना बुडवायला मी काही समुद्र नाही."

पहिल्या रांगेत बसून ते पहिला अंक झोपून काढत. पण एकदा आमच्या खेळात राजा आपलं राज्य ऋषीला दान करतो, तिथे त्यांना जाग आली. सगळा तंबू डोळे पुसत होता. खेळ संपल्यावर ते रंगपटात आले आणि राजाचं काम करणाऱ्या आमच्या मालकांना म्हणाले, "दान छान दिलंस. पण एक सांग, ते राज्य तुझं एकट्याचं होतं की एकत्र कुटुंबाचं? मुलगा शेजारी उभा होता तुझ्या. त्याची संमती घेतलीस कुठे?"

मालक तोंडावरचा रंग पुसत म्हणाले, "वकीलसायबानु, तो नाटकातलो राजा."

"तेच म्हणतोय मी. नाटकाबाहेरही तू तसाच वागतोस."

आता मालकांबद्दल सांगायला हवं. मंडळी त्यांनी काढली. ती मूळची दक्षिण कोकणातली, मालक मालवणी बोलत आणि मनात असलं तरच ऐकत. उंच, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचे. मालक धरून आम्ही सहाजण होतो आणि त्यांच्यासमोर बाकीच्यांपैकी कोणी खुर्चीवर बसत नसे. रस्त्याने ते पुढे, आम्ही मागे. पण खेळ झाल्यावर मिळकत वाटायची पद्धत आमच्यात जुनी होती आणि तिच्यात मालकांचंही काही चालत नसे. वेषांचा आणि देवाचा जो बांबूचा पेटारा असतो, पहिला वाटा त्याचा. मग मंडळीतला जो कोणी त्या दिवशी आजारपणाने उभा राहू शकला नसेल, त्याचा. मग बाकीच्यांचे. राजाचं काम करणारा सगळ्यांत शेवटी. उरलं तर त्याला, कमी पडलं तर त्यालाच कमी.

तंबूतले खेळ चालायला लागले तसे वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं. नारळ फोडायला लावला, वाटणी बघितली, आणि म्हणाले, "तुम्ही भागीदार आहात. तुम्हाला माहीत नाही एवढंच. लिहून काढून नोंदवा. नाहीतर उद्या सरकार म्हणेल, सगळी मिळकत ह्या एकट्याची, आणि सगळा कर ह्याच्या एकट्याच्या डोक्यावर येईल. सहा जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला कर बसण्याइतकं राहतच नाही."

मालकांनी भागीदारीला हरकत घेतली नाही. हरकत भलतीच निघाली. पेटाऱ्याचं नाव भागीदार म्हणून पहिलं घालायला हवं, असं ते हटून बसले.

"देवाला सही येते का?" वकिलांनी विचारलं.

"तेका येना नाय. पण तेच्या नावाशिवाय मी सही करूचंय नाय."

पूर्ण दुपार ह्यात गेली. आक्काने दोनदा चहा केला. शेवटी वकिलांनी तोड काढली. पेटाऱ्याचा वाटा कोणाही एकाचा नाही. तो मंडळीच्या सामाईक भांडवलात राहील, त्यातून वेष, पडदे, वाद्यं दुरुस्त होतील, आणि कोणी मंडळी सोडून गेला तरी तो त्याला हात लावणार नाही. मालकांनी हे दोनदा समजून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे देव खंयच जावचो नाय." वकील म्हणाले, "नाही जाणार." तेव्हा सह्या झाल्या.

त्याच वर्षी गणपती झाले आणि माझा आवाज गेला.

सर्दी म्हणून सोडून दिलं, मग घशातून नुसती हवा यायला लागली. मिरजेपर्यंत जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, बोलू नका. गाणारी बाई मुकी झाली की तिचं मंडळीत काय काम? दुसऱ्या कुठल्याही मंडळीत मला त्याच आठवड्यात नारळ मिळाला असता. घरात बायको, दोन मुली, म्हातारी आई. मी रोज सकाळी वाट बघायचो, आज कोणीतरी येऊन सांगेल. प्रत्येक खेळानंतर कोणीतरी यायचंच. पण माझा वाटा घेऊन.

आणि थंडीत इन्कम टॅक्सचा निरोप आला. आमची भागीदारी खोटी आहे, कर चुकवायला कागदावर केलेली आहे असा संशय आहे, साहेब डाक बंगल्यात मुक्कामाला येतील तेव्हा सगळ्यांनी हजर राहावं. भागीदारी खोटी ठरली तर सगळा कर मालकांवर. तो भरायची त्यांची ऐपत नव्हती. तंबू जाणार, पेटारा जप्तीत जाणार, मंडळी मोडणार. बाकीचे पाचजण दुसऱ्या मंडळीत जाऊन उभे राहिले असते. मला कोण उभं करणार होतं?

आम्ही वकिलांकडे गेलो. काय बोलायचं ते शिकवा, म्हणालो. म्हणजे बाकीचे म्हणाले, मी मान हलवली.

"शिकवणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही नाटकवाले. शिकवलं की नाटक कराल, आणि साहेबाला तेच हवंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नक्की ये. तुला बोलता येत नाही हे उत्तम आहे."

डाक बंगल्यात साहेब होते ते देशावरचे, तरुण, शांत. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. "बसा," म्हणाले. मालक बसले. आणि आम्ही पाचजण उभे राहिलो. सवयच ती. साहेबांनी पुन्हा सांगितलं, तरी आम्ही एकमेकांकडे बघत भिंतीला टेकलो. आमचा मृदंगवाला तर हात जोडून उभा. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"हे तुमचे भागीदार?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांची छाती रंगमंचावर फुगायची तशी फुगली. "ही सगळी माझी माणसा," म्हणाले.

साहेबांनी आणखी लिहिलं. मी घाबरून वकिलांकडे पाहिलं तर ते छत्रीवर हनुवटी टेकून बसलेले, पहिल्या अंकात बसायचे तसे. मला वाटलं, ह्यांना झोप लागली.

तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, ही माणसं लांबून उन्हातून आलीयत. बाहेर पडवीत जरा खोबरं खाऊ देत. मग विचारा काय ते." आणि पिशवीतून नारळ काढून त्यांनी दाराबाहेर पायरीवर ठेवला. कोणाच्या हातात दिला नाही, कोणाला काही सांगितलं नाही.

साहेबांनी मान डोलावली. आम्ही बाहेर आलो. मालकांनी पायरीवर नारळ फोडला. मृदंगवाल्याने कंबरेची सुरी काढून तुकडे केले. संध्याकाळी पुढच्या गावी खेळ होता, म्हणून आमची बैलगाडी समोर वडाखाली सोडलेली होती आणि पेटारा तिच्यावर होता. मृदंगवाल्याने पहिला तुकडा उचलला, उन्हातून चालत गाडीपर्यंत गेला, तुकडा पेटाऱ्यावर ठेवला, नमस्कार केला आणि परत आला. दुसरा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. मग बाकीच्यांना. मालक हात मागे बांधून उभे होते. त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा नारळाच्या डोळ्यांकडचा एक वाकडा तुकडा उरला होता. तो त्यांनी तोंडात टाकला.

साहेब दारात येऊन उभे होते. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मृदंगवाल्याला विचारलं, "ह्यांना आधी का दिलंत?"

"तो आजारी आसा," तो म्हणाला. "आजाऱ्याचो वाटो आदी काढूचो लागता. नायतर विसराक होता."

"कधीपासून आजारी?"

"गणपतीपासून."

"मग काम काय करतात?"

"काम नाय. वाटो आसा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला रोजचा वाटा मिळतो? काम न करता?" मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी नुसती मान हलवली आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं रंगमंचावर मी हुकमी रडत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा थांबवता येईना.

"आणि ह्यांना शेवटी?" साहेबांनी मालकांकडे बोट केलं.

मृदंगवाल्याला प्रश्नच कळला नाही. "तो राजा ना? राजान शेवटाक खावचा."

"मग त्यांच्यासमोर बसत का नाही तुम्ही?"

"ते वडील आमचे. वडलांसमोर कसे बसतलंव?"

वकील तेव्हा कुठे उठले. खोबऱ्याचं सोडलं तर त्या सबंध चौकशीत ते एवढंच बोलले. "साहेब, पगारी माणूस आजारी पडला की धनी पहिल्यांदा त्याचा पगार कापतो. इथे पहिल्यांदा त्याचा वाटा काढतात. बाकी तुम्ही ठरवा."

साहेबांनी आत जाऊन आधी लिहिलेलं खोडलं. भागीदारी मान्य झाल्याचा हुकूम नंतर टपालाने आला. पण आम्हाला ते तिथेच कळलं होतं. निघताना साहेबांनी उरलेलं खोबरं आहे का म्हणून विचारलं, तेव्हाच.

आवाज मात्र परत आला नाही. आज जो आहे तो हा असा, सुक्या पाचोळ्यावरून चालल्यासारखा. उन्हाळ्यात मी वकिलांच्या ओटीवर जाऊन बसलो आणि कुजबुजत म्हणालो, "आता रात्रीसुद्धा मी कोणी नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. असं बोलणारा माणूस होता तो. "तुमच्या मंडळीत दिवसा जागा असणारा एकही नाही. तू राहा." आणि त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. गावांशी करार कसा करायचा, तिकिटं मोहर मारून कशी आणायची, कोणत्या खेळावर करमणूक कर लागतो, देवस्थानाच्या खेळाला माफी कशी मागायची. चुकलो की छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचे. मुलींची लग्नं मी त्या विद्येवर केली. माझ्या घशाने जे दिलं नसतं ते त्यांनी दिलं, आणि हे त्यांच्या तोंडावर कधी बोलून दाखवायची सोय नव्हती. आभार मानायला लागलं की विचारायचे, "हे कुठल्या सदरात घालू?"

मालकांनी त्यांना मंडळीत वाटा द्यायचा म्हणून पुष्कळ आग्रह केला. ते म्हणाले, "मी भागीदार झालो तर तुमचं भांडण माझ्याशी होईल. तेव्हा वकील कुठून आणाल?" ठरलेली फी घेतली, पावती दिली, विषय संपवला. मालकही काही कमी नव्हते. पेटाऱ्यापुढे नारळ फुटला की वकिलांच्या नावाने एक तुकडा बाजूला पडायचा. तो पोचवायचं काम माझं. "प्रसाद आहे," मी सांगायचो. "प्रसाद असेल तर ठीक," म्हणून ते खायचे.

शेवटी शेवटी त्यांना विसर पडायला लागला. सगळे कर, सगळी कलमं आधी गेली, मग माणसं. मी गेलो तेव्हा आक्का दारातच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हो. कोणाला ओळखत नाही तो. मलासुद्धा आई म्हणून हाक मारतो." ते ओटीवर बसले होते. उकाड्यातही अंगात काळा कोट, मांडीवर छत्री.

पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली. "कोण?"

मला नाव सांगावंसं वाटलं. पण नाव त्यांना कधीच नको असे. म्हणालो, "रात्री कोणी नाही. दिवसा भागीदार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली वर्तमानपत्रं त्यांनी उचलली आणि खाली ठेवली. "मग उभा का?" म्हणाले. "बस."

मी बसलो. रुमालातला प्रसाद उघडला आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. माझ्या हाताकडे बघितलं, तो रिकामा होता.

"मला आधी का?"

"आजाऱ्याचा आधी काढतात," मी म्हणालो. "नाहीतर विसरायला होतं."

त्यांनी थोडा विचार केला. मग मान डोलावली. "पद्धत चांगली आहे," म्हणाले, "लिहून ठेवा," आणि खोबरं तोंडात टाकलं.